सावळी उजळली कशी?

१

"शर्मिष्ठाताई, ही ती बंदूक नाही."

डॉक्टर चारुदत्त इनामदार हे अगदी हळू आवाजात म्हणाले. आरडाओरडा केला असता तर मी उलट चार शब्द सुनावले असते. पण खालच्या आवाजात बोलणाऱ्या माणसापुढे माझं काही चालत नाही.

समता कॉलनीतल्या माझ्या बैठकीत, सोफ्याशेजारी लाकडी खोकं उभं होतं. खरं तर लांब वस्तूचं खोकं आडवं ठेवतात. मी तसं म्हटलंही, पण ते बनवणारा आणि घेऊन येणारा लोकेश म्हणाला, "नहीं दीदी, खड़ा ही रहने दीजिए." खोक्यावर त्याने लाल रंगाने भला मोठा बाणही काढला होता, टोक वर करून. मग त्याने उभ्या उभ्याच स्क्रू काढले आणि पुढची फळी बाजूला केली. आत हिरव्या कापडाच्या गादीला टेकून एक लांब बंदूक उभी होती, नव्या स्टीलच्या ताटासारखी लखलखीत. पंचाईत तिथेच होती, कारण मी जिचं वर्णन लिहिलं होतं ती जवळजवळ काळी होती.

माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अर्धं आयुष्य संग्रहालयात जुन्या वस्तू जपण्यात गेलं. आता निवृत्तीनंतर संग्राहकांसाठी जुन्या हत्यारांच्या अवस्थेचं वर्णन लिहिते. घेणारा नागपूरला किंवा पुण्याला असतो, वस्तू इकडे असते, आणि मधे माझा शब्द. लोक मुलगी बघायला जातात तशी मी बंदुका, तलवारी बघायला जाते. फरक इतकाच, की मी काही लपवत नाही. गंज असेल तर गंज लिहिते, चीर असेल तर चीर.

इनामदार नागपूरचे हाडांचे डॉक्टर, आता दवाखाना मुलीवर सोडून जुन्या लष्करी हत्यारांचं दालन उभारतायत. ते स्वतः बंदूक बघायला आले नव्हते. माझं वर्णन वाचून त्यांनी हो म्हटलं होतं. आता ते फोनवर तेच वर्णन वाचत होते, आणि प्रत्येक ओळीनंतर खोक्याकडे बघत होते.

"'नळीवर कॉफीच्या रंगाचा एकसंध जुना थर.' कुठे आहे? 'दस्त्याचं लाकूड काळवंडलेलं.' हे तर लालसर आहे. 'दस्त्याच्या टाचेच्या पितळी पट्टीवर हळदकुंकवाचे पिढ्यानपिढ्यांचे थर, काढू नयेत.' इथे एक ठिपका नाही. 'पलटणीचा आकडा किंवा अक्षरं कुठेही नाहीत.'" त्यांनी वाकून पट्टीकडे बोट केलं. "अन् हे काय आहे मग?"

चकचकीत पितळेवर आकडा आणि दोन अक्षरं ठळक कोरलेली होती. ती मी जन्मात पाहिली नव्हती.

"सिनेमावाल्यांसाठी बनवतात तसली नक्कल आहे ही," इनामदार म्हणाले. "अस्सल कुठेतरी दुसरीकडे गेली. रात्रभर ती कोणाकडे होती?"

आम्ही दोघांनी एकदमच लोकेशकडे पाहिलं. त्याच्या हातात अजून स्क्रू होते.

"मैंने नहीं बदली," तो म्हणाला. एवढंच.

"ठीक आहे. मी नागपूरले परत निघायच्या आत अस्सल बंदूक सामोर आली तर मी काही विचारणार नाही. नाहीतर जाताना ठाण्यावरून जातो. बंदुकीची चोरी आहे, भांड्यांची नाही. जामीनसुद्धा लवकर होणार नाही. आणि तोवर हिला कोणी हात लावू नका."

लोकेशला मीच बोलावलं होतं. गुढियारीत मालधक्क्याजवळ त्याचं खोकी बनवायचं दुकान आहे, आणि काचेच्या झुंबरापासून दगडी मूर्तीपर्यंत माझं सगळं सामान तोच बांधतो. त्याने शपथ घेतली नाही, रडला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. खाली मान घालून स्क्रू एकेक करून खिशात टाकत राहिला. निर्दोष माणूस इतका गप्प राहतो का, असा प्रश्न मलाही पडला आणि त्या प्रश्नाची मला लाज वाटली.

२

बंदुकीचं नाव सावळी. बूढापाऱ्यातल्या पोतनीसांकडे ती कंपनी सरकारच्या काळापासून होती. १८५६ सालची, तोंडातून दारू भरायची, लांब नळीची, इंग्रज पलटणींत वापरायचे तसली. पोतनीस नागपूरकर भोसल्यांच्या वेळी इकडे हिंदी मुलखात आले. जुनं घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली, खाली दुकानं आली, आणि सावळी वरच्या मजल्यावर अच्युतकाका पोतनीसांच्या खोलीत भिंतीशी उभी राहिली. खिडकीतून बूढा तालाब दिसतो.

वर्णन लिहायला गेले त्या दिवशी मी खोलीत उजेड करून तिची तपासणी केली तेव्हा काका शेजारी खुर्चीवर होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"खंडेनवमीले पूजा मी करतो," ते सांगत होते, "पण खण तिच्या सामोर रमा ठेवायची. दर वर्षी नवा. म्हणे, आपल्या घरी लेक नाही, हीच आपली पोट्टी. रमा गेली त्याले दोन दसरे झाले. आता चिराग चालला हैदराबादले, मलेही घेऊन. सरकारी कागदपत्रं निस्तरता निस्तरता तो कंटाळून गेला. मंग म्हटलं, चांगल्या घरी देऊन टाकू."

लिहून झाल्यावर त्यांनी मला वर्णन वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. काळवंडलेला दस्ता. बार पेटवायच्या कानाशी, म्हणजे भोकाशी, लोखंडाला बारीक खड्डे. घोडा किंचित सैल. दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे तो मुठीत येतो तिथे, केसासारखी चीर. नळीत तोंडापासून वीतभर आत एक उठलेलं कडं, म्हणजे कधीकाळी आत काही अडकलेलं असताना कोणीतरी बार उडवला होता. टाचेवर मळाचे आणि हळदकुंकवाचे थर.

काकांनी विचारलं, "एवढं सारं लिहिलं तू?"

"काका, हे दोष नाहीत. यानंच तर मोल आहे तिले. जुन्या वस्तूचं जुनेपण असंच मोजतात."

"हाव, हाव," ते म्हणाले. "मधले लोक असंच म्हणत असतात."

तेव्हा मी हसले होते. संग्राहकांच्या जगात घासलेली वस्तू म्हणजे निम्मी मेलेली वस्तू, हे मला इतकं रोजचं झालंय की ते कोणाला समजावून सांगावं लागेल हे डोक्यातच आलं नाही. चहा पिऊन मी निघाले.

३

चिराग आणि राधिका दुपारच्या आत आले. चिराग म्हणजे काकांचा एकुलता मुलगा, राधिका त्याची बायको. दोघं थेट दोन गल्ल्या पलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून आले होते. काकांचं ऑपरेशन त्याच सकाळी झालं होतं.

"मावशी, बाबांना कुछ नहीं बताना है," चिरागने दारातच सांगितलं. "डॉक्टर ने बोला है, टेन्शन बिलकुल नहीं, बीपी बढ़ गया तो आँख पे असर होगा. आपण आपसात निपटवू."

मग त्याची नजर बंदुकीवर गेली. तोंड उघडंच राहिलं. एक तर त्याने हे कधीच पाहिलं नव्हतं, नाही तर तो उत्तम नट होता. मी दुसरी शक्यता सोडली नाही.

"शेवटची कधी पाहिली होतीस?"

"वो तो बाबांच्या रूम में थी. मी आत जातो तेव्हा बाबांना बघतो, बंदूक कौन देखता है? लोकेशभैया आए तब हम दोनों ऑफिस में थे. बाबांनीच दिली."

"आणि नक्कल बनवणाऱ्या कोणाला ओळखतोस?"

तो लाल झाला. राधिकाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या आधी बोलली. "सांग न. लपवून काय होणार? मावशी, यशदीप म्हणून एक आहे, नाटक-सिनेमाचं सामान भाड्यानं देतो. त्यानं मागे फोटो काढून नेले होते. म्हणे, अशीच बनवून देतो, तुम्ही ती ठेवा आणि अस्सल विका. यानं नाही म्हटलं."

"सच में नहीं बोला था," चिराग म्हणाला.

इनामदारांनी भुवया उंचावल्या. फोटो, नक्कल, पैशाची बोलणी. संशयाचा काटा आता बाप-लेकाच्या घरात शिरत होता आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

राधिकाला मी स्वयंपाकघरात नेलं. चहा हे निमित्त. बायका एकमेकींशी आधण ठेवल्यावर जास्त बोलतात. तिला सासऱ्यांविषयी माया होती, आणि तक्रारींची भली मोठी यादीही.

"ऐकतच नाहीत हो. ऑपरेशनच्या आधी म्हटलं, पडून राहा. तर घरी कोणी नसताना काय काय करून ठेवतात. मी आल्यावर पाहते तर डब्यातली सारी चिंच गायब. विचारलं तर म्हणे, सार केलं होतं, पिऊन टाकलं. भांडं कुठे, फोडणी कुठे? आणि मोरीत नुसती राख! धान्याच्या कोंड्याची राख मी झाडांना टाकायला आणून ठेवते, ती सांडली म्हणे. दिसत नाही तर काहून जायचं तिकडे?"

"हं," मी म्हणाले, आणि चहात साखर घालायची विसरले.

मग मी लोकेशला घेऊन गुढियारीला गेले. इनामदारांना म्हटलं, दुकान बघून येते, तुम्ही बंदुकीवर पहारा करा. दुकानात चिरफळ्या, भुसा, खिळे, कापूस, गादीचं कापड. मालगाडीचे डबे आपटायचे आवाज मधूनमधून येत होते. पॉलिश करायचं चाक नव्हतं, ॲसिडची बाटली नव्हती, लोखंड घासायचा कागदसुद्धा नव्हता. एका रात्रीत कोणी बंदूक बदलेल किंवा बनवेल असं तिथे काही नव्हतं.

"लोकेश, तुझ्याकडे आली तेव्हा ती कशी होती? काळी की अशी?"

तो भुशात पायाने रेघ ओढत होता. "दीदी, मैंने नहीं बदली."

"ते ऐकलं मी. संध्याकाळी ठाण्यात बसशील तेव्हाही हेच म्हणशील?"

"बोल दिया है किसी को, तो बोल दिया है," तो म्हणाला. "दो दिन की बात है. फिर अपने आप सब ठीक हो जाएगा."

कोणाला, काय, दोन दिवसांनी काय, यातलं एक अक्षर पुढे निघालं नाही. माणूस तुरुंगाच्या उंबरठ्यावर उभा होता आणि दोन दिवस थांबायला तयार होता. परत निघताना मात्र त्याने मला थांबवलं. चेहऱ्यावर खरी काळजी होती, पहिल्यांदाच.

"दीदी, वो खोका किसी ने आड़ा तो नहीं कर दिया न?"

४

रिक्षात लोकेशच्या शेजारी बसून मी तो एकच प्रश्न घोळवत राहिले. चोराला खोक्याची काळजी का वाटेल? बंदूक आडवी ठेवली काय आणि उभी ठेवली काय, तिचं काही बिघडत नाही. मूर्ती असेल, मडकं असेल, तर गोष्ट वेगळी. उभं तेच ठेवतात ज्याच्या आत काहीतरी आहे.

घरी पोचताच मी सुती हातमोजे चढवले. इनामदार म्हणाले, "हात लावायचा नाही असं ठरलं होतं."

"तुम्ही ठरवलं होतं डॉक्टरसाहेब. वर्णनावर सही माझी आहे. अवस्था मी पाहणार, नाहीतर ते वर्णन कशाला मागवलं?"

ते बाजूला झाले. मनात त्यांनाही बघायचंच होतं. संग्राहक माणूस, लखलखत्या नकलेतसुद्धा तो नाक खुपसणारच.

आधी भिंग. नळीवर बारीक ओरखडे होते, गोल गोल फिरलेले. कारागीर नळी घासतो तेव्हा हात नळीच्या लांबीने चालवतो. गोल गोल हात फिरतो तो देवाची भांडी घासताना. स्क्रूच्या खाचांत पांढुरकी करडी भुकटी अडकली होती. मी बोटावर घेऊन चोळली. राख. नाक जवळ नेलं तर आंबूस वास.

मग एक गोष्ट दिसली आणि मला ती नीट कळेना. कानाजवळचे ते बारीक खड्डे, जिथे हात जाणं सगळ्यात कठीण, ते आतून बाहेरून घासून चांदीसारखे केले होते. आणि नळीच्या एका बाजूला, अगदी सोप्या मोकळ्या जागी, कॉफीच्या रंगाचा तळहाताएवढा लांब डाग तसाच राहिला होता. इतका मोठा डाग कोणाला दिसला नाही?

"हे पाहा," मी म्हणाले. "नव्या नकलेवर असा डाग कुठून येईल?"

"जुनी दाखवण्यासाठी मुद्दाम ठेवतात," इनामदार म्हणाले. पण आवाजातला ठामपणा जरा उतरला होता.

मी लांब दांडीचा दिवा नळीच्या तोंडातून आत सोडला. मागच्या वेळी उजेड थेट तळापर्यंत गेला होता. या वेळी तो गेला नाही. तळाशी काहीतरी काळं होतं.

मी नळीखाली खोचलेला बंदुकीचाच गज काढला आणि हलकेच आत सोडला. रिकाम्या नळीत तो तळाला खणकन वाजतो. हा वाजला नाही. मऊ आवाज झाला, आणि गज चांगला चार बोटं बाहेर राहिला.

इनामदार दोन पावलं मागे सरकले. तोंडातून भरायच्या बंदुकीची ही परीक्षा त्यांनाही ठाऊक होती.

"भरलेली आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी बाहेर व्हा!"

राधिकाने चिरागचा दंड धरला. लोकेश मात्र मागे सरला नाही. उलट पुढे आला.

"निकालिए मत दीदी," तो म्हणाला. "रहने दीजिए उसको."

५

घोड्याखाली बार पेटवणारी टोपी नव्हती, तेव्हा बार उडायची भीती नव्हती. मी गजाच्या टोकाला पेच बसवला. अडकलेला बार बाहेर काढायला जुन्या शिपायांकडे असे, तसलाच माझ्याकडे आहे. हलक्या हाताने फिरवला. काहीतरी रुतलं. मी हळूहळू ओढत गेले.

बाहेर आलं ते कापड होतं. हिरव्या खणाची, लाल काठाची चिंधी, करंगळीएवढी जाड गुंडाळी, दोऱ्याने बांधलेली. टेबलावर पांढरा रुमाल पसरून मी तिचा दोरा सोडला. तांदूळ सांडले, कुंकू लागलेले. त्यांत एक बारीक हळकुंड. सुपारीचं खांड. आणि खोबऱ्याची एक लांबट कातळी, कारण त्या नळीत नारळ मावला नसता.

मराठी घरातल्या माणसाला हे काय आहे ते सांगावं लागत नाही.

"ओटी," राधिका म्हणाली. मग तिने खण हातात घेतला. "हा आईंचा आहे. दसऱ्याला ठेवायच्या तो. कपाटाची किल्ली बाबांच्या गादीखाली असते. मावशी, मी नाही भरली ही."

"माहीत आहे," मी म्हणाले.

मी दिवा पुन्हा नळीत सोडला आणि इनामदारांना जवळ बोलावलं. तोंडापासून वीतभर आत ते उठलेलं कडं होतं, माझ्या वर्णनात होतं अगदी तसंच. असं कडं कोणी नकलेत घालू शकत नाही. दस्त्याच्या मनगटावर केसासारखी चीरही होती. लाकूड स्वच्छ झाल्यामुळे ती दिसेनाशी झाली होती एवढंच.

"बंदूक बदललेलीच नाही डॉक्टरसाहेब. हीच सावळी. कोणीतरी तिला चिंच आणि कोंड्याची राख लावून घासली आहे."

"आणि हा आकडा? तुम्ही लिहिलं होतं, आकडा नाही."

"दिसला नाही म्हणून लिहिलं. तो होता हळदकुंकवाखाली. पूजा पिढ्यानपिढ्या नेमक्या त्याच जागी होत आली. थर गेला, तेव्हा पलटणीचं नाव बाहेर आलं."

इनामदार खाली बसले आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवू लागले. त्यांचे डोळे आता वेगळेच झाले होते. पण मला खड्ड्यांचं कोडं सोडत नव्हतं. डाग सोडून खड्डे कोण घासतं? मी हातमोजे काढले, डोळे मिटले आणि नळीवरून हात फिरवला. तेव्हा कळलं. डाग गुळगुळीत होता. बोटांना तो लागतच नव्हता. खड्डे मात्र खरखरीत, बोट पुन्हा पुन्हा तिथेच अडखळत होतं.

"डोळ्यांनी घासणारा माणूस डाग घासतो," मी म्हणाले. "बोटांनी घासणारा खरखर घासतो. ज्याने ही बंदूक घासली त्याला दिसत नव्हतं."

चिराग राधिकाच्या हातातला खण घेऊन सोफ्यावर बसला.

"बाबा," तो म्हणाला.

"मी वर्णन वाचलं तेव्हा ते शेजारी बसले होते. काळी, मळकी, खड्डे, चीर. मी वस्तूबद्दल वाचत होते, आणि ते मुलीबद्दल ऐकत होते. नव्या घरी पाठवायच्या आधी त्यांनी तिला न्हाऊ घातली. आई असती तर तिने ओटी भरली असती. आई नाही, म्हणून त्यांनीच भरली."

मी लोकेशकडे वळले. "तुझ्यासमोर भरली का रे?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "सुबह से घिस रहे थे दीदी. उँगलियाँ छिल गई थीं. मैं गया तब पोटली बाँध रहे थे, गाँठ नहीं दिख रही थी, तो गाँठ मैंने बाँधी. बोले, लोकेश, चिराग को मत बताना, हँसेगा मुझ पर. आँख खुल जाएगी तो मैं खुद बता दूँगा. और बोले, आड़ी मत ले जाना, बिखर जाएगा सब."

"अरे पण तुले ठाण्यात नेऊन राहिले होते!" मी म्हणाले. राग आला होता मला, आणि रडूही येत होतं. "तरी गप्प?"

"हव. पट्टी दो दिन में खुलनी थी न." तो ओशाळला. "मैं सोचा, दो दिन तो निकल जाएँगे."

इनामदार उठले. आयुष्यभर लोकांनी ज्याच्यापुढे हात जोडले असा हा माणूस. त्याने लोकेशसमोर हात जोडले. "चुकलो मी. माफ कर." आवाज या वेळीही खालचाच होता. लोकेश इतका गोंधळला की त्याने खिशातले स्क्रू काढून त्यांच्या हातात दिले.

चिराग अजून खण हातात घेऊन बसला होता. "मैं सच में हँसता, मावशी," तो म्हणाला. "यही तो बात है. मी हसलोच असतो."

६

काका दवाखान्यात पाठीला उशी लावून बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. बोटांची टोकं सोललेली होती. राधिकाने सकाळपासून ती पाहिली होती आणि तिला वाटलं होतं, वय झालं.

"कोण कोण आलं?" त्यांनी विचारलं.

"मी शर्मिष्ठा, काका. आणि नागपूरचे डॉक्टर इनामदार."

ते सावरून बसायला लागले. चिरागने पटकन पुढे होऊन त्यांना धरलं, आणि मग हात तसाच खांद्यावर राहू दिला.

"पाहिली?" काकांनी विचारलं.

"पाहिली," इनामदार म्हणाले.

"आता ते काळं, मळकं काही राह्यलं नाही न? सारं काढलं मी. चीर तेवढी जात नव्हती. तेवढं सांभाळून घ्या."

मी इनामदारांकडे बघत होते. घासलेली आहे एवढ्याच कारणासाठी या माणसाने याआधी दोन बंदुका दारातून परत पाठवल्या होत्या, आणि दोन्ही वेळा मीच तसं लिहून दिलं होतं. सावळीचं बाजारातलं मोल आता निम्मंही राहिलं नव्हतं. पलटणीची अक्षरं निघाली, त्याने थोडं भरून आलं असतं, सगळं नाही. हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

ते पुढे आले. मग खुर्ची ओढून काकांच्या अगदी जवळ बसले.

"पोतनीस साहेब, पसंत आहे आम्हाला. ठरलं त्यात काही बदल नाही."

काकांचा चेहरा सैल पडला. "मंग ठीक आहे. शर्मिष्ठा, तू नवं लिहिशील न आता? वाचून दाखव मले. जुनं नको राहू देऊ."

मी तिथेच बसून लिहिलं. मी खोटं लिहीत नाही, आजही लिहिलं नाही. वाचून दाखवलं: "नळी, लोखंडाचे भाग आणि पितळ घासून पूर्ण उजळलेलं. दस्त्याचं लाकूड स्वच्छ, मूळ लालसर रंगात. टाचेच्या पट्टीवर पलटणीची अक्षरं स्पष्ट." इनामदारांच्या कानाला त्यातलं प्रत्येक वाक्य नुकसानीचं होतं. काका मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका, एक ओळ आहे." ओटी लोकेशने पुन्हा बांधून दिली होती, माझ्याच टेबलावर, आणि गजाने तळापर्यंत मीच पोचवली होती. खोकं बाहेर इनामदारांच्या गाडीत होतं. मागची सीट पाडून, वर दोरी बांधून, लोकेश ते उभंच बसवत होता.

मी शेवटची ओळ वाचली.

"नळीच्या तळाशी माहेरची ओटी. काढू नये."